गावातला जुना पब आणि कास्क एल: जपायचे म्हणजे नेमके काय?

नदीकाठ

नमस्कार. यॉर्कशायरमधील एका लहान गावात मी बऱ्याच वर्षांपासून राहत आहे. गावाच्या मध्यभागी एक जुना पब आहे. पूर्वी तो एका स्थानिक ब्रुअरीच्या मालकीचा होता. ती ब्रुअरी बंद पडल्यावर तो ठिकठिकाणी पब बाळगणाऱ्या एका कंपनीकडे गेला. खिडकीच्या काचेवर त्या ब्रुअरीचे नाव अजून कोरलेले आहे, आत तीन लहान खोल्या आहेत आणि बारवर चार हँडपंप आहेत, म्हणजे तळघरातल्या कास्कमधून (पिपातून) एल ही पारंपरिक बिअर हाताने ओढून ग्लासात आणण्याच्या मुठी. हा पब चालवणारे दाम्पत्य आता निवृत्त होत आहे. कंपनीने नूतनीकरणाचा जो आराखडा गावापुढे ठेवला आहे, त्यात खोल्यांमधील भिंती काढून एकच मोठे दालन करण्याचे आणि एक हँडपंप ठेवून बाकीची बिअर केगमधून, म्हणजे वायूच्या दाबाने चालणाऱ्या बंद पिपातून, देण्याचे ठरले आहे.

यावर गावात बैठक झाली आणि दोन टोकाची मते पुढे आली. काहींच्या मते केगची बिअर थंड असते, रोज सारखीच लागते आणि वाया जात नाही, तेव्हा हरकत घेण्यासारखे काहीच नाही. दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात की पबमधील एकही वस्तू जागची हलता कामा नये. मला दोन्ही मते अपुरी वाटतात, परंतु का, ते नेमक्या शब्दांत सांगता येत नाही. रिअल एलचा, म्हणजे या कास्कमधल्या एलचा, वारसा असे आपण म्हणतो तेव्हा तो त्या इमारतीत असतो, पिपातल्या बिअरमध्ये असतो, की ती हाताळणाऱ्या माणसांत असतो? आणि मालकी कंपनीची असताना गावकऱ्यांच्या हाती खरोखर काय उरते? या क्षेत्राची प्रत्यक्ष माहिती असणाऱ्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

तळघर

मिडलंड्समधील एका पबच्या तळघरात मी काही वर्षे काम केले आहे, म्हणून सुरुवात तळघरापासूनच करतो. या विषयावरील बहुतेक चर्चा बारच्या वर जे दिसते त्यावरच थांबतात, आणि रिअल एलचे बरे-वाईट ठरते ते बारच्या खाली.

कास्कमधील एल ब्रुअरीतून निघते तेव्हा ती पूर्ण तयार झालेली नसते. तिच्यात जिवंत यीस्ट असते, थोडी साखर शिल्लक असते आणि पिपातच तिचे दुसरे किण्वन होते. त्यातून जो कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो तेवढाच तिला पुरतो. बाहेरून वायू भरावा लागत नाही. मोठ्या ब्रुअरींची केग बिअर याउलट ब्रुअरीतच गाळून, बहुधा पाश्चरीकरण करून स्थिर केलेली असते आणि पबमध्ये ती थंड करून वायूच्या दाबाने नळापर्यंत ढकलली जाते. अलीकडे काही लहान ब्रुअरी न गाळलेली, उत्तम बिअरही केगमध्ये भरतात, त्यामुळे केग म्हणजे वाईट असे मी म्हणणार नाही. फरक आहे तो काम कोठे संपते याचा. केगचे काम ब्रुअरीच्या दारात संपते, तर कास्कचे शेवटचे आणि सर्वांत नाजूक काम पबच्या तळघरात व्हायचे असते आणि ते एका माणसाच्या हाती असते.

त्या माणसाला काय करावे लागते ते सांगतो. पीप आल्यावर ते स्टिलेज नावाच्या मांडणीवर आडवे ठेवून पाचरी लावून पक्के करायचे, म्हणजे गाळ हलणार नाही. वरच्या बाजूला शाइव्ह नावाचे बूच असते. त्यात सच्छिद्र लाकडाचा मऊ स्पाइल, म्हणजे लहान खुंटी, ठोकला की जादा वायू हळूहळू बाहेर पडू लागतो. फसफस किती जोरात आहे, फेस किती वेळात पुन्हा जमतो, हे पाहून मऊ स्पाइल काढून कठीण स्पाइल कधी बसवायचा ते ठरवायचे. घाई केली तर बिअर रागीट आणि फेसाळ राहते, उशीर केला तर ती निर्जीव होते. यीस्ट खाली बसावे म्हणून ब्रुअरीने पिपात फिनिंग्ज घातलेले असतात, आणि ते परंपरेने माशाच्या वाताशयापासून काढलेल्या आयसिंग्लासचे असतात. (शाकाहारी वाचकांनी हे ध्यानात ठेवावे, काही ब्रुअरी आता त्याशिवायही एल देतात आणि विचारल्यास तसे सांगतात.) बिअर निवळली की पुढच्या तोंडाच्या कीस्टोन नावाच्या बुचात लाकडी हातोड्याने तोटी ठोकायची, चव घ्यायची, आणि मगच ती बारवर जोडायची. तळघराचे तापमान साधारण ११ ते १३ अंश सेल्सिअस असावे लागते. इंग्लंडमधील एल कोमट असते हा समज बहुधा बिघडलेल्या तळघरांमुळे पसरला असावा; नीट राखलेली एल गार असते, फक्त जीभ बधिर होईल इतकी थंड नसते.

आता मुख्य मुद्दा. हँडपंप ओढला की पिपातून बिअर जाते आणि तिच्या जागी हवा शिरते. त्या क्षणापासून बिअरचे आयुष्य मोजके उरते. पहिल्या दिवशी ती उमलते, दुसऱ्या दिवशीही बहुधा उत्तम असते, तिसऱ्या दिवसानंतर उतरू लागते आणि पुढे आंबट होते. म्हणून तोटी लावलेले पीप सुमारे तीन दिवसांत संपावे, असा तळघरातील नियम आहे. फर्किन म्हणजे ९ गॅलनचे पीप, त्यात ७२ पिंट (पिंट म्हणजे पबमधला बिअरचा एक मोठा ग्लास). गाळाची तूट सोडून दिली तरी एका हँडपंपावर दिवसाला सुमारे २४ पिंट विकल्या गेल्या पाहिजेत. चार हँडपंप असतील तर रोज ९६. आपल्या गावात मंगळवारी एवढी विक्री होते का, हे आधी पाहावे.

होत नसेल, तर चार हँडपंप टिकवण्याचा आग्रह धरल्याने रिअल एलचेच नुकसान होईल. ज्याला पाचव्या दिवसाची आंबूस पिंट मिळते तो तक्रार न करता पुढच्या वेळी लागर ही केगमधली थंड बिअर मागतो. त्यामुळे विक्री आणखी घटते, पीप आणखी रेंगाळते, आणि मग एके दिवशी कंपनीचा अधिकारी येऊन सांगतो की या गावात कास्कला मागणीच नाही. मी हे डोळ्यांनी पाहिले आहे. याउलट दोनच हँडपंप, त्यांपैकी एकावर वर्षभर तीच स्थानिक बिटर आणि दुसऱ्यावर आलटून पालटून माइल्ड, पोर्टर (बिटरप्रमाणेच हेही एलचे प्रकार) किंवा दुसऱ्या ब्रुअरीची पाहुणी एल, असे ठेवले तर दोन्ही ताज्या राहतात आणि लोकांचा विश्वास बसतो. आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की हा वारसा तळघरातल्या कौशल्यात आणि ते पीप वेळेत संपवणाऱ्या गिऱ्हाइकांत आहे. या दोहोंपैकी एक गेले तर हँडपंप हा केवळ बारवरचा दागिना उरतो.

जुने दरवाजे

वरील प्रतिसाद फार मोलाचा आहे, तरी इमारतीचे महत्त्व त्यात कमी लेखले गेले आहे असे मला वाटते. तीन लहान खोल्या हा योगायोग नाही. पब्लिक बार, सलून आणि स्नग अशा वेगवेगळ्या खोल्यांमध्ये पूर्वी वेगवेगळ्या थरांतील लोक बसत. सलूनमध्ये गालिचा असे आणि त्याच पिंटला तेथे थोडी जास्त किंमत पडे. ती वर्गव्यवस्था गेली हे चांगलेच झाले, पण त्या खोल्यांमुळे एकाच छताखाली एका बाजूला डोमिनोजचा डाव, दुसरीकडे गावातील संस्थेची सभा आणि कोपऱ्यात एकटा वाचत बसलेला माणूस, हे सारे एकमेकांना त्रास न देता चालू शकते. १९६० आणि १९७० च्या दशकांत असंख्य पबमधील या भिंती पाडून एकच मोठे दालन करण्याची लाट आली आणि शाबूत आतल्या रचनेचे पब दुर्मीळ झाले. म्हणूनच कॅमरा ही ग्राहकांची संघटना बिअरबरोबर पबच्या ऐतिहासिक अंतर्भागांचीही राष्ट्रीय यादी ठेवते.

कॅमराचा उल्लेख आला म्हणून थोडा इतिहास सांगतो. १९६० च्या दशकात सहा मोठ्या ब्रुअरी समूहांनी लहान ब्रुअरी विकत घेण्याचा आणि वॉटनीज रेड बॅरलसारखी केग बिअर देशभर पुढे करण्याचा सपाटा लावला होता. स्वतःच्या आवारात बिअर बनवणारे जुने पब तर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चारच उरले होते: कॉर्नवॉलमधील हेल्स्टनचा ब्लू अँकर, नेदर्टनचा ओल्ड स्वान, बिशप्स कॅसलचा थ्री टन्स आणि मेडलीचा ऑल नेशन्स. १९७१ मध्ये आयर्लंडच्या केरी परगण्यातील एका बारमध्ये सुट्टीवर आलेल्या चार तरुण इंग्रजांनी ही चळवळ सुरू केली, आणि त्यानंतर परिस्थिती पालटली. ग्राहकांनी संघटित होऊन एखादे अन्न वा पेय लोप पावण्यापासून वाचवल्याचे इतके यशस्वी उदाहरण मला दुसरे माहीत नाही, आणि आपल्या गावातील बैठकीकडे मी त्याच आदराने पाहतो.

इमारतीसाठी आपण करू शकता अशी ठोस गोष्ट म्हणजे ती संरक्षित इमारतींच्या सूचीत आहे का, हे हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेच्या नोंदीत पाहणे. सूचीत असेल तर आतील भिंती काढण्यासाठीही परवानगी लागते. नसेल तर सूचीसाठी अर्ज करता येतो, आणि अर्जाचा निकाल काहीही लागो, आतल्या प्रत्येक खोलीची, काचेची, फरश्यांची तपशीलवार छायाचित्रे आजच काढून ठेवावीत. लंडनमधील मैडा व्हेल येथील कार्ल्टन टॅव्हर्नची हकीकत येथे आठवते. सूचीत घेण्याचा विचार सुरू असतानाच २०१५ मध्ये विकासकाने तो पब परवानगीशिवाय पाडला. वेस्टमिन्स्टर कौन्सिलने तो होता तसाच पुन्हा बांधण्याचा आदेश दिला, आणि आधीच्या पाहणीत इमारतीच्या नोंदी झालेल्या असल्यामुळे ते शक्य झाले. २०२१ मध्ये तो पब पुन्हा उघडला.

बार्ली आणि हॉप्स

वरील दोन्ही प्रतिसादांच्या मध्ये बसणारे एक उदाहरण देतो. बर्टन अपॉन ट्रेंट हे शहर त्याच्या जिप्समयुक्त कठीण पाण्यामुळे पेल एल या फिकट रंगाच्या एलसाठी प्रसिद्ध झाले आणि तेथे बर्टन युनियन नावाची पद्धत रूढ झाली. तीत एकमेकांना जोडलेल्या लाकडी पिपांमध्ये बिअरचे किण्वन होते, वर येणारे यीस्ट हंसाच्या मानेसारख्या नळ्यांतून एका पन्हळीत चढते आणि बिअर पुन्हा खाली पिपात उतरते. ही पद्धत मार्स्टन्सच्या ब्रुअरीत टिकून होती. २०२४ मध्ये तिचा वापर थांबवण्याचे जाहीर झाले, तेव्हा त्यातील एक संच डर्बीशरमधील थॉर्नब्रिज या स्वतंत्र ब्रुअरीने घेतला आणि तो पुन्हा कामाला लावला. तो संग्रहालयात ठेवला असता तर लाकूड तसेच राहिले असते, पण पिपे कशी धुवायची, गळती कशी ओळखायची, यीस्ट कसे वागते, हे ज्ञान एका पिढीत नाहीसे झाले असते. जुन्या दरवाज्यांबद्दल मला आदर आहे, तरी माझा कौल तळघराच्या बाजूने आहे.

नदीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. तळघर यांनी मांडलेला हिशेब मी पब चालवणाऱ्या काकूंना विचारला. शुक्रवार आणि शनिवारी चारही पंप सहज चालतात, पण आठवड्याच्या सुरुवातीला दोन पिपेसुद्धा रेंगाळतात आणि बरीच बिअर त्यांना ओतून द्यावी लागते. त्यांनी कास्क ब्रीदर नावाच्या उपकरणाचा उल्लेख केला. मात्र गावातील एका जुन्या जाणकारांच्या मते ते वापरल्यास ती रिअल एल राहत नाही. यावर आपले मत काय?

तळघर

हा वाद जुना आहे. ब्रीदर लावला की पिपातून निघालेल्या बिअरच्या जागी हवेऐवजी तेवढाच कार्बन डायऑक्साइड, वातावरणाच्या दाबाइतक्याच दाबाने, आत येतो. बिअर त्याने ढकलली जात नाही आणि तिच्यात जादा वायू विरघळवण्याचा हेतूही नसतो. फक्त ऑक्सिजन दूर राहतो आणि पीप आणखी काही दिवस टिकते. बाहेरचा वायू नको या मूळ व्याख्येला धरून कॅमराने दीर्घकाळ त्याला विरोध केला, पण २०१८ मध्ये तो विरोध सोडला. तुमच्या गावातील जाणकारांचे म्हणणे त्या जुन्या भूमिकेतून आलेले आहे आणि त्यामागे तत्त्व आहे. हवेच्या संपर्काने दुसऱ्या दिवशी एलची चव जी गोलाई धरते, ती ब्रीदरवर तितकी येत नाही, असे माझेही मत आहे.

तरीसुद्धा ओतून द्यावी लागणारी बिअर पाहता मी आधी पिपाचा आकार बदलून पाहीन. पिन म्हणजे साडेचार गॅलन, ३६ पिंट. सोमवार ते गुरुवार दोनच पंप आणि त्यांपैकी कमी खपणारी एल पिनमध्ये, शुक्रवारपासून तिसरा पंप सुरू, अशी मांडणी करावी. सर्वच ब्रुअरी पिन भरत नाहीत आणि पिंटमागे ते थोडे महाग पडते, पण गटारात जाणाऱ्या बिअरपेक्षा नक्कीच स्वस्त. एवढे करूनही तीन दिवसांत पीप संपत नसेल, तर ब्रीदर लावण्यात मला कमीपणा वाटणार नाही. बंद असलेल्या पंपावरची एलच्या नावाची पाटी गिऱ्हाइकाकडे पाठ करून फिरवून ठेवावी, म्हणजे ती एल संपली आहे हे न विचारता समजते. नळ्यांची साफसफाई दर आठवड्याला झालीच पाहिजे आणि रात्रभर नळीत राहिलेली बिअर सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाला देऊ नये. या दोन गोष्टींतच पुष्कळ पब नापास होतात.

हिशेबवही

मालकीच्या प्रश्नावर अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. माझ्या मते आपल्या गावाचा निर्णय शेवटी तेथेच होणार आहे.

ब्रिटनमधील पब दीर्घकाळ ब्रुअरींच्या मालकीचे असत आणि चालकाला त्याच ब्रुअरीची बिअर घ्यावी लागे. या बंधनाला तेथे टाय म्हणतात. १९८९ मध्ये सरकारने बिअर ऑर्डर्स आणून २,००० पेक्षा जास्त पब असलेल्या ब्रुअरींवर मर्यादा घातली. हेतू स्पर्धा वाढवण्याचा होता. प्रत्यक्षात ब्रुअरींनी पब मोठ्या संख्येने विकले आणि ते स्वतः बिअर न बनवणाऱ्या कंपन्यांच्या हाती गेले. ते आदेश २००३ मध्ये रद्द झाले, कंपन्या मात्र राहिल्या. अशा कंपनीचे उत्पन्न भाडे आणि बांधील बिअरवरील नफा यांतून येते, त्यामुळे गावातील लहान ब्रुअरीची एल ठेवायची की नाही हे पुष्कळदा चालकाच्या हाती नसते. २०१६ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये पब्स कोड लागू आहे. ५०० किंवा अधिक बांधील पब असलेल्या कंपनीच्या भाडेकरूला ठरावीक प्रसंगी टाय सोडून केवळ बाजारभावाने भाडे देण्याचा पर्याय त्यात मागता येतो. नव्याने येणाऱ्या चालकाने करारावर सही करण्यापूर्वी हे जाणकार वकिलाकडून समजून घ्यावे, असे त्यांना आपण आवर्जून सांगावे.

गिऱ्हाइकांच्या ताकदीबद्दल शंका असेल तर लुईस आर्म्सची घटना पाहावी. ससेक्समधील लुईस या गावी हार्वीज ही जुनी ब्रुअरी आहे. त्याच गावातील लुईस आर्म्स हा पब ग्रीन किंग या मोठ्या ब्रुअरी कंपनीच्या मालकीचा होता, आणि २००६ च्या अखेरीस कंपनीने तेथून हार्वीजची बिटर काढून टाकली. नेहमीच्या गिऱ्हाइकांनी भर हिवाळ्यात बाहेर उभे राहून बहिष्कार चालवला, धंदा कोसळला आणि २००७ च्या एप्रिलमध्ये कंपनीने ती बिटर परत आणली. लोकांनी एका विशिष्ट पिपासाठी धरलेला तो हट्ट होता, आणि ते रोज ती पीत होते म्हणूनच त्यांच्या न येण्याला वजन आले. तळघर यांचा हिशेब येथेही लागू पडतो.

आता गावाने काय करावे. २०११ च्या लोकॅलिझम कायद्यानुसार इंग्लंडमध्ये पॅरिश कौन्सिलला (गावपातळीवरील निवडून आलेल्या मंडळाला) किंवा किमान २१ स्थानिक मतदारांच्या गटाला एखाद्या पबची नोंद समाजमूल्य असलेली मालमत्ता म्हणून करण्यासाठी अर्ज करता येतो. नोंद झाल्यावर मालकाला तो विकायचा असेल तर कौन्सिलला कळवावे लागते. गावाने सहा आठवड्यांत बोली लावण्याची इच्छा कळवली की एकूण सहा महिन्यांपर्यंत विक्री थांबते. गावालाच विकण्याची सक्ती मालकावर नसते, हे विसरू नये, आणि मुदतींबाबतचे चालू नियम कौन्सिलकडून तपासून घ्यावेत. लंडनमधील नन्हेड येथील आयव्ही हाउस अशी नोंद झालेला पहिला पब होता आणि २०१३ मध्ये तो स्थानिक लोकांनी सहकारी तत्त्वावर विकत घेतला. त्याच्याही आधी, २००३ मध्ये, कंब्रियातील हेस्केट न्यूमार्केट गावाने ओल्ड क्राउन हा पब सहकारी मालकीत आणला. त्यामागची लहान ब्रुअरीही सहकारी आहे. अशा गटांना प्लंकेट यूके ही संस्था कागदपत्रांपासून भागविक्रीपर्यंत मार्गदर्शन करते.

या नोंदीने आतली भिंत पाडणे किंवा हँडपंप काढणे थांबत नाही. पब पाडण्यासाठी वा त्याचा वापर बदलण्यासाठी इंग्लंडमध्ये २०१७ पासून नियोजन परवानगी लागते, अंतर्गत बदलांना मात्र इमारत सूचीत असेल तरच अडवता येते. त्यामुळे जुने दरवाजे यांनी सांगितलेला अर्ज आणि ही नोंद, दोन्ही एकाच वेळी करावे. कंपनीशी बोलताना चार पंपांची मागणी न करता, दोन कायमचे आणि शुक्रवारपासून तिसरा, अशी मागणी काकूंच्या विक्रीच्या आकड्यांसह लेखी मांडावी. कंपन्या भावनेपेक्षा अशा आकड्यांना लवकर उत्तर देतात. आणि ते दाम्पत्य निवृत्त होण्यापूर्वी नव्या चालकाने काही आठवडे त्यांच्यासोबत तळघरात काम करावे, यासाठी दोन्ही बाजूंची संमती आताच मिळवावी. कंपनीच्या आराखड्यात याची तरतूद असण्याची शक्यता कमी आहे, आणि ते दोघे एकदा गाव सोडून गेल्यावर ही व्यवस्था करणे फार अवघड होईल.